निर्जन म्हणून नोंदलेल्या माळावर

जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या माळावर हौसेनं कुणी जात नाही. तिथं किल्ला नाही, धबधबा नाही, फोटो काढण्यासारखं देऊळही नाही. मी मात्र तिथं दोनदा गेलो. पहिल्या खेपेला एक खोटं लिहून आलो. या माघात, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, ते खोटं त्याच गावात चारचौघांसमोर खोडून आलो. त्यामुळं हे वर्णन जिंकून आलेल्या माणसाचं आहे. थोडी फुशारकी दिसली तर वाचकांनी म्हाताऱ्याला सांभाळून घ्यावं.

आधी आम्ही तिथं का गेलो ते सांगतो. खाजगी कंपन्या आता रॉकेट बनवतात, लोकांचे उपग्रह आकाशात नेऊन सोडण्याचा धंदा करू पाहतात. त्यांना नियम काय असावेत हे सरकारला सुचवण्यासाठी उद्योगातल्या काही जाणकारांची समिती नेमली आहे. मी त्यातला वयानं सर्वांत मोठा. समितीच्या मसुद्यात एक कलम होतं: चाचणीतले सुटे भाग जिथं पडणार, ती जागा निर्जन आहे हे ठरवायला एक प्रत्यक्ष पाहणी पुरेशी समजावी. आणि अशी पाहणी कशी करावी याचा नमुना म्हणून एक जुना अहवाल शेवटी जोडला होता. मसुदा घरी आला, मी पानं उलटत शेवटापर्यंत गेलो, आणि खाली माझीच सही दिसली.

तो अहवाल जतच्या माळाचा. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीचा सुरक्षा सल्लागार होतो. रॉकेटचं रिकामं कवच फुग्यानं उंच न्यायचं आणि पॅराशूटनं खाली उतरवायचं, अशी चाचणी होती. जागा पाहायला मी माघातच गेलो होतो. माळावर दगडामातीची तीन घरं दिसली. तिन्हींना कुलपं, चूल थंड, कुत्रंसुद्धा नाही. मी लिहिलं, ‘वस्ती नाही’. चाचणी झाली भाद्रपदात. पॅराशूट अर्धंच उघडलं आणि कवच मेंढ्यांच्या वाड्यावर येऊन पडलं. सात मेंढ्या गेल्या आणि सिदाप्पा नावाच्या मेंढपाळाचा पाय मोडला. घरं सोडलेली नव्हतीच. ही धनगर माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठी जातात आणि मृगाच्या सुमाराला परत येतात. चौकशीत मी आणखी एक वाक्य लिहिलं: ‘संबंधित मेंढपाळ मनाई केलेल्या क्षेत्रात विनापरवाना शिरला होता.’ कंपनी सुटली, मी सुटलो. त्या वाक्याच्या आधारावर कंपनीनं पोलिसांत अर्जही दिला होता. त्या सिदाप्पांना मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

समितीनं ठरवलं की मसुदा सरकारकडे जाण्याआधी दोघातिघांनी ती नमुन्याची जागा पाहून यावी. तारीख निघाली माघातली. म्हणजे आम्ही पुन्हा कुलपंच पाहून येणार होतो! मी त्या गावातल्या किराणा दुकानाला फोन लावला. दुकानदार म्हणाला, “सिदाप्पा व्हय? त्ये आता उंब्रजला सुभेदाराच्या रानात बसल्यात.” मग मी समितीला एवढंच सांगितलं, की आपण उंब्रजमार्गे जाऊ, तिथं एका माणसाला भेटायचं आहे.

उंब्रज

गाडीत आम्ही तिघं. समितीच्या अध्यक्ष पाध्येबाई, ज्यांनी उपग्रहांचे सुटे भाग बनवणारा कारखाना तीस वर्षं चालवला. निनाद, स्वतःची रॉकेट कंपनी काढलेला, पस्तिशीच्या आतबाहेरचा, हुशार आणि घाईतला. आणि मी. महामार्गावरून आत वळलो तशी दोन्ही बाजूंना उसाची भिंत लागली. मी फक्त सुभेदार आप्पांना फोन करून रॉकेटवाले येतोय एवढं कळवलं होतं; ते रस्त्यावरच उभे होते. सैन्यातून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली असावीत, पण उभं राहणं अजून पलटणीतलं.

“गाडी हितंच रोका,” ते म्हणाले. “फुडं पाट फुटलाय. मॅडम, माज्या मागनं या. मी पाय ठिवीन तितंच पाय.”

निनाद फोनवर बोलत चालला होता. त्यानं सुभेदारांच्या पावलावर पाऊल ठेवलं नाही. घोट्यापर्यंत आत गेला, पाय वर आला, बूट आला नाही. सुभेदारांनी खुरप्यानं चिखल उकरून बूट काढला आणि त्याच्या हातात देत म्हणाले, “रॉकेट उडवतासा न्हवं तुमी?”

ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात दोनेकशे मेंढरं बसली होती. शेतकरी रात्रीची मेंढरं रानात बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांनी जमीन सुधारते आणि बदल्यात धनगराला धान्य मिळतं. सुभेदारांचं आणि सिदाप्पांचं हे नातं बापजाद्यांपासूनचं. बांधाच्या कडेला तीन दगडांची चूल, वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण, आणि घोड्यावर लादायचा सगळा संसार.

सिदाप्पांच्या बायकोनं, होनव्वांनी, आधी तांब्या पुढं केला. आमच्या पुण्यात दारात आलेल्याला पहिल्यांदा ‘काय काम आहे’ विचारतात. इथं पाणी पिऊन होईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. मग त्या म्हणाल्या, “कुटलं म्हनायचं? लोकर बगायला आलाय?”

“नाही मावशी,” निनाद उत्साहानं म्हणाला, “आम्ही रॉकेटवाले.”

चुलीपाशी बसलेला एक उंच म्हातारा काठीवर भार देत उठला. डावा पाय ओढत पुढं आला. आमच्याकडे नाही, आधी वर आभाळाकडे पाहिलं.

“आता काय पाडलंसा?”

मी पुण्याहून निघताना चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, “सिदाप्पा, तुम्ही मनाई केलेल्या जागेत शिरला होता असं ज्यानं लिहिलं, तो मी. तुम्ही तुमच्या घरात होता. मला ते लिहिताना माहीत होतं.”

पाध्येबाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही हे नवीनच होतं.

आधी बोलल्या त्या होनव्वा. “म्हंजे त्ये तुमी व्हय? आवं, मी इतकी वरसं त्या मानसासाठनं शिव्या जपून ठिवल्यात. म्हटलं, कवातरी तोंड दिसंल त्येचं. आन् तुमी असं पिकल्यालं पान निगालासा! आता कुनाला दिऊ त्या?”

“मलाच द्या,” मी म्हणालो.

“आदी च्या पितासा का आदी शिव्या खातासा?”

“दोन्ही बरोबरच चालेल.”

सुभेदार मोठ्यानं हसले. होनव्वांनी मेंढीच्या दुधाचा दाट चहा दिला आणि खरोखरच दोन शिव्या हासडल्या. अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत. कानडीतल्या कळल्या नाहीत, पण चहापेक्षा कडक असाव्यात.

सिदाप्पा मात्र हसले नाहीत. “हितं सांगून काय उपेग सायेब?” ते शांतपणे म्हणाले. “हितं मला कोन काय म्हनतंय? गावाकडं मेंढरांची भांडनं लागली की निवाड्याला मला बलवत हुती. कुनाची मेंढरं कुनाच्या रानात, कुनाची वाट कुटनं, समदं मी सांगायचा. तुमचं त्ये लिवल्यालं गावात आलं, आन् लोक म्हनली सिद्या त्या राकेटचा पत्रा चोराय गेल्ता. तवापासनं बलवनं बंद. चोरट्याचा निवाडा कोन ऐकंल? गावात सांगा. ज्या तोंडांनी मला चोर म्हटलं, त्येंच्या म्होरं.”

“उद्याच जातोय आम्ही तिकडे,” मी म्हणालो. “तुम्ही चला.”

“मेंढरं?”

“पोरं-सुना हायत की,” होनव्वा म्हणाल्या. “आन् सुभेदार हायत. मी बी येनार. ह्यो एकला गेला तर गप बसून माघारी यील.”

“ड्यूटी माज्याकडं,” सुभेदारांनी छातीवर हात ठेवला. “एक मेंढरू कमी झालं तर माजी पेन्शन बंद.”

सांगली

गाडीत निनाद मागच्या छोट्या आसनावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. इस्लामपूर मागं पडल्यावर पाध्येबाई म्हणाल्या, “तुम्ही हे मला पुण्यात का सांगितलं नाहीत?”

“पुण्यात सांगितलं असतं, तर तुम्ही अहवाल गुपचूप बदलला असता आणि मी सुटलो असतो.”

“बदलला असता,” त्या म्हणाल्या. “सभ्यपणे.” मग हसल्या. त्या हसल्या तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हा प्रवास नीट पार पडेल.

सांगलीत मुक्काम केला. कृष्णेला पाणी होतं, घाटावर कपडे वाळत होते, आणि जिथं थांबावं तिथं कुणीतरी भडंगाचा पुडा हातात देत होतं. मला वाटायचं की भडंग म्हणजे तिखट चुरमुरे. तसं सांगलीकरासमोर म्हणू नये. शेंगदाणा, लसूण आणि तेल यांचं प्रमाण यावर हॉटेलवाल्यानं आम्हाला इतकं सविस्तर सांगितलं की त्यालाच समितीवर घ्यावं असं पाध्येबाई म्हणाल्या. होनव्वांनी हॉटेलची गादी नाकारली. “त्येच्यात मानूस बुडतंय,” म्हणाल्या, आणि घोंगडं अंथरलं.

सकाळी नाष्ट्याला निनादनं मनातलं बोलून टाकलं. “सर, तुमची चूक मला मान्य. पण तिच्यावरून नियमच बदलायचा? प्रत्येक जागेची बारा महिने पाहणी करायची म्हटली, तर माझं रॉकेट उडायच्या आधी मी म्हातारा होईन. परदेशातल्या कंपन्या पुढं निघून जातील.”

त्याचं खोटं नव्हतं. समितीतले निम्मे लोक हेच म्हणणार होते. मी पुण्याहून पश्चात्ताप घेऊन निघालो होतो, उपाय नव्हे.

होनव्वा बशीत चहा ओतत होत्या. “बारा म्हैनं कशाला रं बाबा?” त्या म्हणाल्या. “मला इचार की. च्या निवायच्या आत सांगती.”

“काय सांगता मावशी?”

“कोन कवा कुटं आसतंय त्ये. लिव. दिवाळी झाली की आमी निगतो. आमच्या माळाची तीन घरं, वड्याच्या पल्याडची पाच. मिरगाला माघारी. त्येच्यावरची चार घरं निगतच न्हाईत, त्येंची शेरडं हायत, मेंढरं न्हाईत. जोंधळं काडायला तळ्याकडची लोकं दोन म्हैनं रानातच ऱ्हात्यात, माळावर झोपड्या घालून. हुरड्याच्या दिसांत पावनी बी आसत्यात. आनि काय पायजे?”

निनाद सवयीनं फोनवर टिपत गेला. थांबला तेव्हा पाध्येबाईंनी विचारलं, “किती वेळ लागला?”

त्यानं घड्याळ पाहिलं. “पाच मिनिटंसुद्धा नाहीत.”

“च्या निवला न्हाई अजून,” होनव्वा म्हणाल्या आणि बशी तोंडाला लावली.

जत

सांगली सोडून पूर्वेला निघालं की हिरवा रंग हळूहळू उतरत जातो. आधी द्राक्षबागा, मग डाळिंबं, मग नुसता माळ. दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या शेजारी कानडी अक्षरं दिसू लागतात. रस्त्यात पाण्याचा टँकर आम्हाला तीनदा भेटला, आणि प्रत्येक वेळी होनव्वांनी तो कुठल्या वस्तीला चाललाय ते सांगितलं. एका रानात गाडी थांबवून हुरडा खाल्ला. शेणीच्या आगीत भाजलेलं कोवळं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. माझे दात नकली आहेत, तरी मी तिघांच्या वाटचं खाल्लं. निनादचे तळहात भाजले. रानाचा मालक त्याला म्हणाला, “हातमोजं दिऊ का सायेब?”

दुपारी सिदाप्पांच्या माळावर पोचलो. तीच तीन घरं, तीच कुलपं. वारा सोडून कशाचा आवाज नव्हता. एका बाजूला मेंढ्यांचा दगडी वाडा, त्याची एक भिंत ढासळलेली. सिदाप्पांनी काठीनं दाखवलं, “हितं पडलं. मी हितं हुतो. कोकरू पाजत हुतो.”

पाध्येबाई निनादला म्हणाल्या, “समज, तू आज एकटाच आला असतास. काय लिहिलं असतंस?”

त्यानं चारी बाजूंना पाहिलं. “निर्जन,” तो म्हणाला. “शपथेवर लिहिलं असतं.”

“मग सरांची चूक काय?”

हा प्रश्न त्यांनी मला वाचवायला विचारला होता. माझी सुटका करणारं उत्तर तयार होतं, आणि दोघांनीही ते मान्य केलं असतं. मी त्यांना मधल्या घराच्या दाराशी नेलं. कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधली होती. धूळ जाऊन गंजू नये म्हणून. आत कुलूप तेलानं चकचकत होतं.

“त्या वेळीही असंच होतं,” मी म्हणालो. “घर सोडून गेलेला माणूस कुलपाला तेल घालत नाही. मी ही पिशवी उलगडून पाहिली होती, आणि पुन्हा गुंडाळून ठेवली. गावात जाऊन विचारायचं तर अर्धा तास लागला असता. मला जेवायला सांगलीला पोचायचं होतं.”

सिदाप्पांनी कमरेची किल्ली काढली, दार उघडलं आणि म्हणाले, “आत या. उनात कशाला हुबं?”

ग्रामसभा

पाध्येबाईंनी आदल्या संध्याकाळी सरपंचांना निरोप धाडला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या समोर, कडुलिंबाखाली सभा भरली. सरपंचांनी सतरंज्या टाकल्या होत्या, पण माणसं सतरंज्यांना पुरून उरली. रॉकेटवाले आलेत म्हटल्यावर शेजारच्या वस्त्यांवरूनही लोक आले. बायका पंचायतीच्या ओट्यावर, पुरुष झाडाखाली. सिदाप्पा सगळ्यांत मागं, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून. होनव्वा सगळ्यांत पुढं.

मी उभा राहिलो. जुना अहवाल काढला आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मग म्हणालो, “हे मी लिहिलं. हे खोटं आहे. चाचणीच्या दिवशी सिदाप्पा कुठंही शिरले नव्हते. ते स्वतःच्या वाड्यात होते. शिरलो आम्ही, वरून.”

गर्दीतून एक फेटेवाला उठला. “मग इतकी वरसं काय करत हुतासा?”

“भीत होतो.”

“कुनाला? ह्या गरिबाला?”

“माझ्या नावाला. सुरक्षेतला मोठा माणूस म्हणून मला हार घालत होते. ते थांबतील म्हणून.”

“आन् आता?”

“आता थांबू देत.”

फेटेवाला वळून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, गडग्याकडे पाहत म्हणाला, “सिदूमामा, म्या बी म्हटलं हुतं. पत्र्याचं. म्याच पयल्यांदा म्हटलं हुतं.” आणि खाली बसला.

मी नवीन वाक्य वाचलं: ‘सिदाप्पा त्या दिवशी स्वतःच्या घरी होते.’ होनव्वा उठल्या आणि कानडी बायकांकडे वळून म्हणाल्या, “नम्म मन्याग इद्वि!” आमच्याच घरात होतो. आणि मग ओट्यावरून तेच शब्द पाच-सहा तोंडांतून ऐकू आले. सरपंचांनी ते वाक्य ठरावात घेतलं. खाली माझी सही आणि पाध्येबाईंची. तालुक्याला जाऊन पोलिसांत लेखी जबाब द्यायचा होता, तोही मी त्याच दिवशी दुपारी दिला.

पाध्येबाईंनी मग सभेला सांगितलं, की तो जुना नमुना मसुद्यातून निघेल. त्याच्या जागी काय यावं हे त्या सांगणार, तोच निनाद उठला. “बाई, मी सांगू?” तो म्हणाला. “यापुढं कुठलीही जागा निर्जन लिहायच्या आधी कंपनीनं ग्रामसभेत यायचं आणि विचारायचं, कुठल्या महिन्यात कोण कुठं असतं. आणि ते उत्तर अहवालाला जोडल्याशिवाय परवानगी नाही. याला वर्ष लागत नाही. एक सकाळ लागते.” तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “माझ्या कंपनीपासून सुरू.” मला टाळी वाजवायचा मोह झाला. पण माझ्याआधीच सरपंचांनी वाजवली. समितीनं पुढं ते कलम एकमतानं घेतलं आणि मसुदा आता सरकारकडे आहे. पण एकमत खरं त्या लिंबाखालीच झालं.

“मग आत्ताच लिवा की,” कुणीतरी ओरडलं.

निनाद सतरंजीवर मांडी घालून बसला. सरपंचांनी पंचायतीतून कोरे कागद आणवले. आणि गाव सुटलं. “आमची वस्ती लिवा, मिरगापासनं दिवाळी.” “आमची बारमाही.” “तळ्याकडच्या झोपड्या ऱ्हायल्या!” “देवाच्या थळावरचा बाबा ऱ्हायला, एकलाच हाय, पन हाय!” ज्या माळासाठी माझ्या अहवालात दोन शब्द पुरले होते, त्या माळाची पाच पानं भरली तरी लोक थांबेनात. निनाद घामाघूम झाला होता आणि खूश होता. “हळू, हळू काका,” म्हणत होता, “एकेक.”

सहाव्या पानावर भांडण लागलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला भाद्रपदात मेंढरं कुणाची असतात, यावरून दोन घरचे लोक उठून उभे राहिले. एक म्हणे आमची, दुसरा म्हणे तुमची गौरीनंतर, आधी आमची. आवाज चढले, बोटं वर झाली, जुन्या गोष्टी निघाल्या. सरपंचांनी दोनदा हात वर केला, कुणी ऐकेना. निनाद लेखणी थांबवून माझ्याकडे पाहायला लागला. मला काय कळणार?

तेव्हा तो फेटेवाला पुन्हा उठला आणि दोघांवर खेकसला, “गप ऱ्हावा की रं! उगं काय नरडं ताणताय? सिदूमामा हितं हाय न्हवं? मामा, म्होरं या. तुमी सांगा.”

माणसं बाजूला सरली. सिदाप्पा गडग्यापासून निघाले, पाय ओढत, काठी टेकत, घाई न करता. सतरंजीपाशी येऊन निनादच्या शेजारी बसले. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना समोर बसायला सांगितलं. बसले. मग त्यांनी निनादच्या हातातला कागद स्वतःकडे वळवून घेतला, त्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, “लिव.”

सगळं गाव ऐकत होतं.